वहिनी, जोड सुटला नव्हता

वहिनी, परवा तुमच्या तेराव्याला मी चाळीस मिनिटं बोललो. दादाने "दोन शब्द बोल" एवढंच सांगितलं होतं. तुम्ही असतात तर तिसऱ्या मिनिटाला पाण्याचं भांडं माझ्यापुढे आणून ठेवलं असतंत आणि मी मुकाट्याने खाली बसलो असतो. परवा भांडं आणणारं कुणी नव्हतं, त्यामुळे मी सुटलो. निवृत्तीनंतर अठ्ठावन्नाव्या वर्षी तुम्ही गाडी शिकलात ते सांगितलं, पहिल्याच दिवशी मास्तरला "तुम्ही ब्रेकवरून पाय काढा, मला माझी गाडी कळू द्या" म्हणालात ते सांगितलं. लोक हसले, डोळे पुसले, पुन्हा हसले. माझा धंदाच तो. लग्न असो नाहीतर सत्कार, हातात माईक आला की समोरच्या दोनशे माणसांना आपण योग्य ठिकाणी आलो आहोत असं वाटायला लावायचं.

एवढ्या बोलण्यात एक वाक्य मात्र मी बोललो नाही. तेच वाक्य तुम्ही होतात तेव्हा तीन आठवडे मी तुम्हालाही बोललो नव्हतो.

धावपट्टीवर त्या दिवशी गाडीने जो दगा दिला, तो तुमच्या वायरींच्या जोडामुळे नव्हता. माझ्यामुळे होता.

झालं. बोललो. आता सगळं सांगतो. आणि मी सांगायला बसलो की पार मागून सुरुवात करतो हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा चहा ठेवायचा असेल तर ठेवून घ्या.

आठवतं, मी ती निळी बाटली घेऊन घरी आलो तो दिवस? तुम्ही दुधी किसत होतात, दादा पेपरात होता. मी बाटली टेबलावर ठेवली आणि जाहीर केलं, "नायट्रस." कुणी मान वर केली नाही. मग मी समजावून सांगितलं, की दातांचे डॉक्टर भूल द्यायला वापरतात तोच हा वायू, इंजिनात सोडला की जळायला जादा प्राणवायू मिळतो, त्याच्या जोडीला जादा पेट्रोल द्यायचं, आणि माझी पंधरा वर्षांची लाल गाडी थोड्या सेकंदांसाठी तरुण होते. रस्त्यावर नाही, फक्त शहराबाहेरच्या त्या खासगी धावपट्टीवर, जिथे हौशी लोक चारशे मीटर गाड्या पळवतात.

दादा पेपरामागून म्हणाला, "हसायचा गॅस ना तो? आपल्याकडे हसायला आता बाटली लागते."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी माझ्या स्वप्नात होतो. "वहिनी, स्टीअरिंगवर एक लाल बटण. गाडी पूर्ण वेगात. शेवटच्या क्षणी माझा अंगठा खाली जातो, आणि..."

"आणि काय?"

"आणि गर्जना."

"आणि स्टीअरिंग कोण धरणार? हे?" तुम्ही किसणीनेच दादाकडे बोट दाखवलंत.

मग तुम्ही किसणी बाजूला ठेवलीत. तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवून बोलायला लागलात की समोरच्याचं मत बदलणार हे ठरलेलं असायचं. "भाऊजी, तुम्ही जोरात पळवता तेव्हा तुमचा पाय कुठे असतो?"

"तळाला."

"मग स्विच पायालाच जोडा. पाय तळाला गेला की गॅस सुरू, पाय उचलला की बंद. उद्या गाडी वेडीवाकडी झाली, तुम्ही घाबरलात, तरी बंद. माणूस घाबरला की पाय उचलतो. अंगठा उचलत नाही. अंगठा आणखी घट्ट दाबतो."

वहिनी, पुढे मी हा प्रश्न दोन जाणकार मिस्त्रींना विचारला. दोघांनी अर्धा-अर्धा तास घेतला आणि तुम्ही दुधीच्या कोफ्त्यांआधी जे सांगितलं होतंत तेच सांगितलं. अर्धवट पायाला गॅस गेला तर इंजिनाची वाट लागते. हवेची झडप, म्हणजे थ्रॉटल, पूर्ण उघडलं की तिथला एक छोटा स्विच दाबला गेला पाहिजे आणि त्यानेच गॅस सोडला पाहिजे. माझं लाल बटण त्याच दिवशी वारलं. त्याचं तेरावंही कुणी केलं नाही.

मला वाटलं होतं, तुम्ही सल्ला देऊन थांबाल. दुसऱ्या दिवशी खाली पार्किंगमध्ये येऊन बघतो तर तुम्ही गाडीच्या बॉनेटमध्ये वाकलेल्या, हातात सुतळी. बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत, डॅशबोर्डपासून इंजिनापर्यंत, वायर जिथून जिथून जाईल तिथून तुम्ही सुतळी नेलीत आणि वळणावळणाला गाठ मारलीत. मग जुन्या पलंगाची फळी भिंतीला टेकवलीत, सुतळी तिच्यावर मांडून पेन्सिलने रस्ता काढलात आणि गाठीगाठीला खिळे ठोकलेत. चाकणच्या बाजूला त्या कारखान्यात एकतीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे तुम्ही असेच बांधलेत, हे मला ऐकून माहीत होतं. पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मात्र शेजारी उभा राहून मी तोंडात बोट घातलं. तुम्ही म्हणालात, "तोंडातलं बोट काढा आणि ती लाल वायर धरा."

मी मदत म्हणून दोन वायरींची टोकं सोलून, पीळ घालून, वर टेप गुंडाळून तुमच्यापुढे धरली.

"हे काय आहे?"

"जोड."

"ही गाठ आहे. पाळण्याला बांधतात."

आणि मग तुम्ही दाखवलंत. वायरीच्या टोकावर पितळी टर्मिनल, क्रिंपरच्या, म्हणजे चेपायच्या पकडीच्या, जबड्यात धरून एकच दाब. मग दोन्ही बाजूंनी धरून एक हिसका. हिसका खाऊन जोड टिकला, तरच त्याच्यावर हिरव्या मार्करचा एक ठिपका. कारखान्यातल्या तुमच्या लाइनीवर हा नियमच होता, ठिपका म्हणजे मी याची हमी घेते. तुम्ही बोलायच्या ओघात सांगितलंत, की एकतीस वर्षांत तुमच्या ठिपक्याचा एकही जोड परत आला नाही. अभिमानाने नाही सांगितलंत. "आमच्याकडे नळाला पाणी सकाळी येतं" अशा आवाजात सांगितलंत.

ते पंधरा दिवस, वहिनी. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला असे पंधरा दिवस मिळतात याची मला कल्पना नव्हती. रोज चार वाजले की मी खाली. बॅटरीतून निघालेला करंट फ्यूजमधून रिलेत, रिलेतून दोन झडपांना, एक गॅसची, एक जादा पेट्रोलची. आणि रिलेला जागं करायला दोन स्विच, एक डॅशबोर्डावरचा आणि एक थ्रॉटलवरचा. "बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात तसं," तुम्ही म्हणालात. "एकट्याने कुणी उघडायचं नाही." सोसायटीचे सेक्रेटरी जाता-येता बाटलीकडे बघायचे. शेवटी एकदा थांबलेच.

"हा सिलिंडर कसला?"

"गाडीला दमा आहे," तुम्ही मान वर न करता म्हणालात.

"आणि तो इथे ठेवायला परवानगी घेतली आहे का?"

"दम्याची परवानगी कोण देतं?"

ते गेले. तुम्ही टेप गुंडाळत राहिलात, आणि मी गाडीमागे जाऊन हसलो.

आणि मग ती सेटिंगची दुपार. मी ड्रायव्हरच्या जागेवर, तुम्ही बॉनेटमध्ये. झडपांच्या जागी तुम्ही एक छोटा दिवा जोडला होतात. स्विच लागला की दिवा लागणार.

"दाबा."

"दाबलं."

"पायाने?"

"मग काय हाताने?"

"तुमचं काही सांगता येत नाही. पायात काय आहे?"

"चप्पल."

"त्या दिवशी काय घालणार?"

"बूट."

"मग बूट घालून या."

लिफ्ट बंद होती. चार मजले चढलो, बूट घातले, चार मजले उतरलो, बसलो.

"खाली मॅट आहे का?"

"आहे."

"काढा."

मी चिडलो. विचारलं, इंजिनापाशी उभं राहून हातानेच थ्रॉटल फिरवून बघितलं तर काय बिघडलं? मिस्त्री तसंच करतात. तुम्ही बॉनेटच्या आडून डोकं बाहेर काढलंत. "भाऊजी, पेडलपासून इंजिनापर्यंत तार जाते. ती थोडी सैल असतेच. हाताने थ्रॉटल जेवढं उघडतं तेवढं पायाने उघडत नाही, केसभर कमीच उघडतं. गाडी तुम्ही पायाने चालवणार. मग सेटिंगही पायानेच करायचं." स्विचची पट्टी दोन स्क्रूंवर मागे-पुढे सरकायची. तुम्ही ती सरकवत गेलात, मी दाबत गेलो. आणि एका दाबाला दिवा लागला.

वहिनी, मी हजारो दिवे लागताना पाहिलेत. स्टेजवरचे, मंडपातले, गणपतीतले. त्या भिजल्या वाटाण्याएवढ्या दिव्याइतका आनंद मला एकाही दिव्याने दिला नाही. मग तुम्ही दिवा काढून खऱ्या झडपा जोडल्यात. बाटली बंद, पेट्रोलची नळी काढलेली, फक्त आवाज ऐकायचा. मी दाबलं. टक. दोन्ही झडपा एकदम, असा स्वच्छ, कोरडा आवाज. तुम्ही पदराला हात पुसलेत आणि म्हणालात, "हां." तुमच्या तोंडून एवढा लांब "हां" मी तुमच्या लग्नानंतर ऐकला नव्हता.

आपलं भांडणही तिथेच सुरू झालं, जे अजून मिटलेलं नाही. तुम्ही म्हणालात, "एक फेरी मी मारणार."

मी म्हटलं, शक्य नाही.

"का? तुमचं वजन शहाण्णव, माझं बावन्न. कोण बसलं तर जोरात पळेल ते गाडीला विचारा."

मी बॉनेट खाली केलं आणि किल्ली खिशात टाकली.

आता येतो त्या शनिवारवर. दुसऱ्या दिवशी धावपट्टीवर जायचं होतं. तुम्ही वर पोळ्या करत होतात. मी खाली आलो, बॉनेट उघडलं, नुसतं बघायला. तुमचं ते काळ्या टेपमधलं काम, एका मापाचे वेढे, कुठे सुरकुती नाही. बघता बघता हात पुढे गेला. मी थ्रॉटल हाताने फिरवलं. आणि मला दिसलं, की ते पूर्ण उघडायच्या केसभर आधीच स्विच लागतोय.

तुम्ही मला कारण सांगितलेलं होतं. माझ्या कानांनी ऐकलेलं होतं. पण माझ्या डोक्यात नाटक सुरू झालं. मला वाटलं, एन्ट्री लवकर होतेय. पडदा पूर्ण उघडलेला नाही आणि नायक आत आला. मी स्क्रू सैल केले, पट्टी मागे घेतली. किती? पोह्याच्या एका दाण्याची जाडी. हाताने फिरवून बघितलं, अगदी शेवटच्या टोकाला टक. खूश झालो. स्क्रू आवळले, बॉनेट लावलं, वर येऊन तुमच्या गरम पोळ्या खाल्ल्या, चार.

धावपट्टीवरचा तो रविवार तुम्हाला कशाला सांगू. पण सांगतो, कारण पहिला अर्धा भाग इतका सुंदर होता. नारिंगी साडी, खाली पांढरे बूट, डोक्यावर दादाची क्रिकेटची टोपी, हातात डबा. गाड्यांच्या धुरात तुम्ही अशा चालत होतात की लोक वाट देत होते. माझा नंबर आला. हिरवा दिवा. पहिला गिअर, दुसरा, तिसरा, पाय तळाला, बूट घातलेला, मॅट काढलेली, मी कानांत प्राण आणून गर्जनेची वाट बघतोय.

काही नाही. धायरी फाट्यावर कोथिंबीर आणायला निघावं तशी गाडी त्या टोकाला पोचली.

दुसरी फेरी, तेच. परत आलो तेव्हा कुंपणापाशी दहा-बारा जण उभे होते. त्यांतला एक मिस्त्री म्हणाला, "काकूंनी कनेक्शन दिलंय ना? मग बरोबर आहे." हसले सगळे. तुम्ही ऐकलंत. तुम्ही त्यांच्याकडे वळलात आणि सरळ म्हणालात, "जोड सुटला असेल. माझा आहे."

आणि तुम्ही दिवा आणायला पिशवीकडे गेलात. मी गाडीत बसून पेडल दाबलं. टक नाही. पुन्हा दाबलं. नाही. मग मला कळलं, वहिनी. पायाने थ्रॉटल तिथवर उघडतच नव्हतं. पोह्याचा एक दाणा.

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं ते सहा वर्षांच्या मुलालाही सांगता येईल. मी काय केलं, तर बॉनेटमध्ये वाकलो, तुम्ही यायच्या आत स्क्रू सैल केले आणि पट्टी होती तिथे नेऊन ठेवली. मला वाटलं, आता लागेल, तिसऱ्या फेरीत गर्जना होईल, सगळे टाळ्या वाजवतील, कुणाचं काही बिघडणार नाही. तुम्ही आलात, दिवा जोडलात. "दाबा." दिवा लागला.

तुमचा चेहरा पडला. मी उजळेल म्हणून बघत होतो आणि तो पडला.

"आता लागतोय," तुम्ही म्हणालात. "म्हणजे कधी लागतो, कधी सुटतो."

मेलेला जोड टेबलावरच पकडला जातो. कधी लागणारा, कधी सुटणारा जोड तपासणीतून पास होऊन जातो आणि पुढे कुणाला तरी भर रस्त्यात उभं करतो. हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. माझ्या हातचलाखीने मी तुम्हाला साधी चूक नाही दिली, तुमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट चूक दिली.

मी म्हटलं, तिसरी फेरी मारतो. तुम्ही किल्ली काढून घेतलीत. "खात्री नसलेल्या जोडावर मी कुणाला पाठवणार नाही." कुंपणापाशी ते दहा-बारा जण अजून उभे होते. खरं सांगितलं असतं तर हसणं माझ्याकडे वळलं असतं. एवढंच कारण, वहिनी. मी पुष्कळ शोधलं, याहून बरं कारण सापडलं नाही. परत येताना डबा न उघडताच घरी आला.

पुढचे तीन आठवडे रोज चार वाजता तुम्ही खाली जात राहिलात, आता एकट्या. सगळा जुडगा काढून पुन्हा फळीवर चढवलात. टेप सोडवलीत. प्रत्येक जोडाला पुन्हा हिसका, पुन्हा ठिपका. दुसऱ्या आठवड्यात तिसरा ठिपका. एकदा मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो आणि तुम्ही फोनवर तुमच्या कारखान्यातल्या शैलाताईंना सांगत होतात, "माझा एक सुटला गं, शैले. सापडत नाहीये."

ज्याचं पोट बोलण्यावर चालतं तो माणूस रोज एक वाक्य घेऊन जिना उतरायचा आणि तेच वाक्य घेऊन वर यायचा. एकदाच सुरुवात केली, "वहिनी, त्या दिवशी जे झालं ना, ते..." तुम्ही थांबवलंत. "नका हो समजूत काढू, भाऊजी. सुटला तो सुटला." आणि मी थांबलो. मला थांबवल्याबद्दल मनातून तुमचे आभार मानले, इतका मी नीच झालो होतो.

ते भांडण मात्र तुम्ही सोडलं नाहीत. फक्त कारण बदललंत. "पुढच्या वेळी मीच बसणार. जोड माझा आहे, तर जे काय व्हायचं ते मला होऊ दे." त्यावर मी वजनावर विनोद केला.

आणि मग तो मंगळवार, तुम्ही गेलात तो. त्याबद्दल मी लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, दादाला तर दोघांहून जास्त माहीत आहे.

परवाचं सांगतो. माझं भाषण संपलं, लोक जेवले, पांगले. शैलाताई थांबल्या. सव्वीस वर्षं लाइनीवर तुमच्या शेजारी उभ्या राहिलेल्या, त्यांना मी तुमच्याबद्दल नवं काय सांगणार होतो. सोबत लाइनीवरच्याच आणखी दोघी. शैलाताई दादाला म्हणाल्या, "भावोजी, कुंदाचा बोर्ड बघायचाय आम्हाला."

आम्ही सगळे खाली गेलो. फळी भिंतीला टेकलेली, जुडगा खिळ्यांवर, आणि शेजारी श्रीखंडाचा रिकामा डबा. शैलाताईंनी चष्मा लावला, डबा उघडला. आत कापलेले जोड होते. सात. तुम्ही कापलेत हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी एकेक उचलला, दोन बोटांत धरून हिसका दिला.

"हा चांगला आहे." दुसरा. "हाही." तिसरा. "अगं, याच्यावर तीन ठिपके आहेत. तीनदा तपासलाय तिने. मग कापला कशाला?"

दादा म्हणाला, "तिला वाटत होतं, एखादा आतून सुटतोय. कुठला ते सापडत नव्हतं. मग म्हणाली, सगळेच नवे करते."

"सातही चांगले आहेत हो, भावोजी. चांगले जोड कापलेत तिने." आणि त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गाडी तुमची ना? त्या दिवशी झालं काय होतं?"

मी सांगितलं. दोन स्क्रू, पट्टी, हाताने बघितलं, पायाने नाही, नंतर गुपचूप परत सरकवली, आणि तिला बोललो नाही. आवाजात चढ नाही, उतार नाही. आयुष्यातलं माझं सगळ्यात लहान निवेदन. समोर चारच श्रोते.

दादा फळीकडे बघतच म्हणाला, "तिला सांगितलं असतंस तर तिने तुला फोडून काढलं असतं, शेखर." मग म्हणाला, "पण झोपली असती रे."

तेव्हा मला कळलं, की मी चार वाजताच्या तुम्हाला बघत होतो आणि बाकीचे तास दादा बघत होता.

शैलाताईंनी हातातल्या बांगड्या काढल्या. त्या दोघींनीही काढल्या. लाइनीवर बांगड्या चालत नाहीत. तिघींच्या बांगड्या माझ्या गाडीच्या टपावर ओळीने, आणि शैलाताई म्हणाल्या, "क्रिंपर कुठंय?" मी आणून दिला. "आता तुम्ही लांब उभे राहा. हात मागे."

मी हात मागे बांधून उभा राहिलो आणि वहिनी, काय ते दृश्य होतं. एकीने वायर कापायची, दुसरीने सोलायची, शैलाताईंनी दाबायचं. तेराव्याला नेसलेल्या चांगल्या साड्या, पदर खोचलेले, तोंडाने अखंड भांडण. "कुंदा इथे वेढा उलटा घ्यायची." "उलटा नाही गं, ती डावरी होती." "डावरी मी आहे." "मग तुझाच उलटा." सात जोड, सात हिसके, सात ठिपके. जुडगा फळीवरून उतरला आणि गाडीत गेला, ज्या वाटेने तुमची सुतळी गेली होती त्याच वाटेने. मी तिथे उभा राहून रडतही होतो आणि मला इतकी गंमतही वाटत होती की दोन्ही कसं सांभाळायचं ते कळत नव्हतं. बघायला तुम्ही हव्या होतात, असं मी म्हणणार होतो. तुम्ही बघत उभ्या राहिला नसतात. तिघींना बाजूला सारून स्वतः केलं असतंत.

बाटली बंद आहे, पेट्रोलची नळी काढलेली आहे, हे शैलाताईंनी स्वतः हात लावून बघितलं. मग ड्रायव्हरच्या जागेवर कोणी बसायचं असा प्रश्न आला. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. दादा पुढे झाला. या गाडीत तो आजवर बसला नव्हता. "लोखंडी वेडेपणा" म्हणायचा तो तिला.

"पायाने दाबा हं, भावोजी," शैलाताई म्हणाल्या. "तळापर्यंत."

"मी बँकेत होतो," दादा म्हणाला. "सर्कशीत नव्हतो. पायानेच दाबणार."

त्याने डॅशबोर्डावरचा स्विच वर केला आणि पेडल दाबलं.

टक.

शैलाताईंनी पिशवीतून फोन काढला. खराडीला मुलाकडे असलेल्या सुमनताईंना लावला, ज्यांना गुडघ्यांमुळे परवा येता आलं नव्हतं. तुम्ही त्यांनाही सांगितलं होतंत म्हणे, एक सुटला म्हणून. सगळ्या लाइनीला सांगितलं होतंत.

"सुमे, ऐक. कुंदाचा जोड सुटला नव्हता. हो, खात्रीने सांगते, हातात घेऊन बघितले. नाही गं, एकही नाही. दिराने हात लावला होता. तोच, माईकवाला. हो, देते त्याला एक, तुझ्याकडूनही देते. थांब, तुला ऐकवते."

त्यांनी फोन बॉनेटमध्ये झडपांजवळ धरला. "दाबा, भावोजी."

टक.

फोनमधून सुमनताईंचा आवाज आला, "परत."

दादाने परत दाबलं. मग फोन बंद झाला, शैलाताई बांगड्या चढवू लागल्या, त्या दोघी पिशव्या शोधू लागल्या, आणि कुणी काही सांगितलेलं नसताना दादाने आणखी एकदा दाबलं.